१९६४ ची लिंकन कॉन्टिनेन्टल कन्व्हर्टिबल: संपूर्ण रिस्टोरेशन करावे की आहे तशी जपावी?

नोव्हीकर (मिशिगन)

नमस्कार. मी डेट्रॉइटजवळच्या नोव्ही येथे राहतो आणि वाहन उद्योगातच नोकरी करतो, परंतु माझे काम आजच्या गाड्यांच्या आसनांशी संबंधित असल्यामुळे जुन्या गाड्यांच्या बाबतीत मी नवशिकाच आहे. जवळच्या गावातील एका वृद्ध गृहस्थांच्या निधनानंतर त्यांच्या कुटुंबीयांनी विकायला काढलेली १९६४ ची लिंकन कॉन्टिनेन्टल, चार दारांची कन्व्हर्टिबल (छप्पर घडी होऊन डिकीत जाते अशी), मी नुकतीच विकत घेतली. ही गाडी माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या विक्सम येथील कारखान्यात तयार झाली. तो कारखाना १९५७ मध्ये सुरू झाला, २००७ मध्ये बंद पडला आणि नंतर पाडूनही टाकण्यात आला. त्यामुळे ही गाडी याच परिसरात पुन्हा रस्त्यावर यावी आणि चार जाणकारांसमोर प्रदर्शनात उभी राहावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गाडीची सध्याची अवस्था अशी आहे. ती बरीच वर्षे कोरड्या गॅरेजमध्ये उभी होती. इंजिन हाताने फिरते, पण मी अद्याप ते सुरू केलेले नाही. पांढरा रंग कारखान्यातला नसावा, असा मला दाट संशय आहे. आसनांचे चामडे ठिकठिकाणी तडकलेले असले तरी मूळचे आहे. फरशीचा पत्रा वरून चांगला दिसतो, मात्र दारांखालच्या उंबरठ्याच्या पट्टीत मागच्या चाकाजवळ गंज आहे. ब्रेकचे पेडल थेट तळाला जाते. टप, म्हणजे घडीचे छप्पर, उघडण्याचे बटण दाबले की डिकीचे झाकण वीतभर उचलले जाते आणि तेथेच थांबते. आत कोठेतरी रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) टकटक आवाज येत राहतो.

माझ्यासमोरचा मुख्य प्रश्न हा आहे की गाडी पूर्णपणे खोलून नव्यासारखी करावी, की जेवढे मूळचे शिल्लक आहे तेवढे जपून फक्त चालती करावी? हर्शीचा मेळावा, लिंकन मालकांच्या क्लबचे संमेलन आणि येथील आइज ऑन डिझाइन हे प्रदर्शन, यांपैकी कोठे ही गाडी शोभेल? आणि कामाला सुरुवात कोठून करावी?

जुनी चाके (ओहायो)

गाडीबद्दल अभिनंदन. त्या वर्षी लिंकनने एकूण ३६,२९७ कॉन्टिनेन्टल बनवल्या, त्यांतल्या कन्व्हर्टिबल फक्त ३,३२८ होत्या. ही संख्या लक्षात ठेवण्याचे कारण कौतुक नव्हे, सोय आहे. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचे सस्पेन्शन आणि डॅशबोर्ड यांचे सुटे भाग त्याच वर्षाच्या सेडानवरून (पक्क्या छपराच्या गाडीवरून) मिळू शकतात, कारण सेडान दसपट बनल्या. पण टप, डिकीचे झाकण आणि त्यांच्याभोवतीचे सगळे केवळ कन्व्हर्टिबलचेच असते. भाग शोधताना १९६३ च्या गाडीचे भाग चालतील असे समजू नका. १९६४ मध्ये चाकांमधील अंतर १२३ इंचांवरून १२६ इंच झाले आणि दारांच्या वक्र काचा जाऊन सपाट काचा आल्या.

आपल्या प्रश्नांचा क्रम मी उलटा करीन. गाडी कोणत्या नियमांनी तपासली जाणार हे ठरण्यापूर्वी तिचा एकही बोल्ट सोडवू नये, असे माझे ठाम मत आहे. पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे दर ऑक्टोबरात भरणारा मेळावा अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका या १९३५ साली स्थापन झालेल्या संस्थेचा आहे. तेथे ४०० गुणांची पद्धत आहे आणि मापदंड असा की विक्रेत्याने ग्राहकाच्या हाती देताना गाडी जशी तयार करून दिली असती, तशी ती असावी. त्यामुळे कारखान्याने कधीच दिली नव्हती अशी आरशासारखी झिलई आणल्याने एकही गुण वाढत नाही, मात्र चुकीचे क्लॅम्प, चुकीचे टायर किंवा नंतर बसवलेली उपकरणे यांचे गुण कापले जातात. त्याच संस्थेत मूळ अवस्थेतील गाड्यांसाठी वेगळा वर्ग आहे आणि आपल्या गाडीचे चामडे व इंजिनची खोली खरोखर अस्पर्शित असेल तर मी प्रथम त्या वर्गाचा विचार करीन. एकदा पुसलेले मूळपण कितीही पैसे ओतले तरी परत आणता येत नाही.

लिंकन अँड कॉन्टिनेन्टल ओनर्स क्लब १९५३ पासून आहे. तेथील परीक्षक हीच एक जात आयुष्यभर पाहत आलेले असतात, त्यामुळे हर्शीला सहज खपून जाणारा एखादा चुकीचा स्क्रू तेथे खपत नाही. पण त्याच मंडळींकडून मिळणारी माहितीही दुसरीकडे मिळणार नाही. पेबल बीचसारख्या कॉन्कूरमध्ये, म्हणजे निवडक गाड्यांच्या प्रतिष्ठित स्पर्धेत, निवड समिती ठरवील त्याच गाड्या जातात, तेव्हा तो विषय सध्या बाजूला ठेवावा. आइज ऑन डिझाइनचा हिशेब निराळाच आहे. ग्रोस पॉइंट शोअर्स येथील फोर्ड कुटुंबाच्या वास्तूच्या आवारात होणाऱ्या या प्रदर्शनात परीक्षक बहुतांशी वाहन-रचनाकार असतात आणि ते नटबोल्टांपेक्षा गाडीची रचना पाहतात. लिंकन ही फोर्डचीच. फोर्डचे रचनाकार एलवूड एंगल यांच्या चमूने फोर्डच्याच थंडरबर्ड या गाडीसाठी केलेला आराखडा कंपनीचे तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅकनमारा यांनी पाहिला आणि त्यातून १९६१ ची कॉन्टिनेन्टल जन्मली. आधीच्या वर्षीच्या लिंकनपेक्षा ती सव्वा फुटाच्या आसपास आखूड होती आणि तिच्या अंगावरची जवळजवळ सगळी नक्षी उतरवलेली होती. अशा वंशावळीची गाडी त्या हिरवळीवर सर्वांत जास्त शोभेल.

एक इशारा देऊन ठेवतो. बोलताना आपण सगळेच हिला क्लासिक म्हणतो, पण क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिकेची यादी १९१५ ते १९४८ एवढ्याच काळातील निवडक गाड्यांची आहे. १९४० ते १९४८ ची जुनी कॉन्टिनेन्टल त्यात बसते, आपली बसत नाही.

आता गंजाविषयी. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा आहे, आणि छप्पर नसल्यामुळे उंबरठ्याच्या पट्ट्यांवर फार मोठा भार येतो. वजन जवळपास अडीच टन आहे. मागची दारे मागच्या बाजूला बिजागरी असलेली, पुढची दारे पुढे, आणि दोन्हींची कुलुपे मधल्या एका आखूड खांबाला येऊन अडकतात. कोणी पट्टी कापली आणि सांगाडा एक-दोन मिलिमीटर जरी झुकला, तरी चारही दारांच्या फटी बिघडतात आणि मग त्या कशानेही जुळत नाहीत. म्हणून कापण्यापूर्वी सर्व फटींची मापे लिहून ठेवावीत, दारांच्या चौकटींत आडवे नळ वेल्ड करून त्या बांधून घ्याव्यात, गाडी चारही चाकांच्या जवळ समतल टेकवावी आणि एका वेळी एकाच बाजूचे काम करावे. हे काम ज्याने या जातीच्या गाडीवर आधी केले आहे त्यालाच द्यावे. इंजिनसाठी मी एवढा आग्रह धरणार नाही.

रिले आणि फ्यूज (इलिनॉय)

मी फक्त टपाबद्दल लिहितो, कारण या गाड्या अर्धवट सोडून दिल्या जातात त्या बहुधा याच यंत्रणेपायी.

आधी तिचा क्रम नीट समजून घ्या. बटण दाबल्यावर डिकीच्या झाकणाचे मळसूत्री कुलूप विद्युत मोटरने उघडते. ते झाकण मागच्या कडेला बिजागरीवर असल्याने त्याची पुढची कड वर उचलली जाते. झाकणाच्या पुढच्या कडेची घडीची पट्टी सरळ होते, टपाची पुढची कड काचेच्या चौकटीपासून सुटते, टप मागे घडी घालत डिकीत उतरतो, पट्टी पुन्हा दुमडते आणि झाकण बंद होऊन कुलूप लागते. यात उचलण्याचे काम हायड्रॉलिक सिलिंडर करतात, कुलपांचे काम मोटर करतात, आणि एक टप्पा पूर्ण झाला की पुढचा सुरू करण्याची परवानगी लिमिट स्विच देतात. यात संगणक कोठेही नाही. १९६१ च्या तंत्रज्ञानाने ही सगळी अक्कल स्विच आणि रिले यांच्या साखळीत बसवली आहे. म्हणूनच ती दुरुस्तही होते, परंतु प्रत्येक कडीला स्वतंत्रपणे तपासावे लागते.

आपल्या वर्णनावरून कुलूप उघडते आणि झाकण उचलायला सुरुवात होते, म्हणजे साखळीच्या पहिल्या कड्या शाबूत आहेत. पुढे थांबण्याची तीन कारणे मला संभवतात. पहिले, बॅटरी किंवा अर्थिंग कमजोर असल्यामुळे पंप सुरू होताच व्होल्टेज पडते आणि रिले धरून राहू शकत नाही. टकटक आवाज याच बाजूला बोट दाखवतो. दुसरे, तेल कमी असणे किंवा एखाद्या नळीतून अथवा सिलिंडरच्या सीलमधून गळणे. तिसरे, झाकणाच्या बिजागरीजवळ वर्षानुवर्षे वाकून तडकलेली वायर. याच क्रमाने तपासा, कारण पहिल्या तपासणीला खर्च नाही आणि दुसरी नुसत्या डोळ्यांनी होते.

काम करताना बॅटरीला चार्जर जोडलेला असावा. डिकी पूर्ण रिकामी असावी. झाकणाखाली डोके घालण्यापूर्वी त्याला मजबूत लाकडी टेकू द्यावा. केवळ हायड्रॉलिकवर विश्वास ठेवून कोणीही त्याखाली जाऊ नये. रिलेला बाहेरून वायर जोडून एखादा टप्पा जबरदस्तीने पुढे ढकलण्याचा मोह होतो, परंतु आधीचा टप्पा अपूर्ण असेल तर टपाची चौकट झाकणाच्या पत्र्यावर आदळते आणि मग विजेच्या साध्या बिघाडाचे रूपांतर पत्र्याच्या महागड्या कामात होते. त्याच वर्षाचे कारखान्याचे शॉप मॅन्युअल आणि वायरिंगचा नकाशा विकत घ्या, दिव्याचा टेस्टर घ्या, आणि कोणता रिले कोणत्या टप्प्याला ओढला जातो हे कागदावर लिहीत जा. सगळे रिले एकदम बदलण्याचा सल्ला अनेक जण देतील. माझा त्याला विरोध आहे. त्याने मूळ बिघाड सापडत नाही, आणि नव्यांपैकी एखादा खराब निघाला तर दोन बिघाड एकमेकांत मिसळतात.

जाता जाता आणखी एक. मागचे दार उघडताना त्याची काच आपोआप थोडी खाली सरकते, म्हणजे ती पुढच्या काचेच्या रबरात अडकत नाही. ते होत नसेल तर दार जोराने ओढू नका.

सॅन होजेचे काका

वरील दोघांच्या ज्ञानाबद्दल आदर आहे, पण मला राहवत नाही म्हणून लिहितो. आपण गाडी घेतली ती गुण मोजून घेण्यासाठी की चालवण्यासाठी? त्या काळचा ७ लिटरचा, ३२० अश्वशक्तीचा व्ही-८ जेव्हा महामार्गावर टप उघडा ठेवून शांतपणे गाडी ओढतो, तेव्हा परीक्षकाच्या हातातील फळीची कोणाला आठवणही होत नाही.

माझा सल्ला ब्रेकपासून सुरुवात करण्याचा आहे. १९६४ मध्ये चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पुढच्या चाकांना डिस्क १९६५ मध्ये आल्या. शिवाय मास्टर सिलिंडर एकेरी आहे, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. दुहेरी मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क बसवून टाका, मूळचे भाग खोक्यात नावे लिहून ठेवा. पेट्रोलची टाकी रिकामी करून धुऊन घ्या आणि रबरी नळ्या सगळ्या बदला, कारण हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल जुन्या रबराला खाऊन टाकते. वायपर पाहून चकित होऊ नका. ते विजेवर नसून पॉवर स्टिअरिंगच्या पंपाच्या दाबावर चालतात आणि हमखास गळतात. चामडे तसेच राहू द्या. मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांची जी ऐतिहासिक पाटी (नंबर प्लेट) मिळते तिच्यावर एरवी संमेलने आणि संचलनांपुरतीच गाडी काढता येते, पण ऑगस्ट महिनाभर ती रोजच्या वापरासाठीही नेता येते, आणि त्याच महिन्यात डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मोठी फेरी, असते. यापेक्षा मोठे प्रदर्शन कोणते?

नोव्हीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनेप्रमाणे बॅटरी बदलून आणि डिकीतील अर्थिंगचा बोल्ट घासून स्वच्छ केल्यावर झाकण आता पूर्ण उघडते. टप अजून काचेच्या चौकटीपासून सुटत नाही, पण टकटक थांबली आहे.

चालकाच्या बाजूच्या दारावर रिव्हेट केलेली माहितीची पट्टी साफ करून वाचली. बॉडीचा प्रकार ७४ ए, म्हणजे कन्व्हर्टिबल, आणि क्रमांकाची सुरुवात ४ वाय ८६ एन अशी आहे. रंगाचा संकेत मात्र पांढऱ्याचा नाही. पत्रकाशी ताडून पाहता गाडी मूळची गडद निळी निघाली. उंबरठ्याच्या पट्टीवरील जुना पॅच काढल्यावर आत निळा रंग दिसलाही. आता पत्र्याचे काम होणारच आहे, तर पुन्हा निळा रंग द्यावा का? आणि गाडीच्या नाकावरील लोखंडी जाळीवरचे क्रोम फुटकुळ्या आल्यासारखे झाले आहे, त्याचे काय करावे?

जुनी चाके (ओहायो)

क्रमांक अगदी योग्य आहे. ४ म्हणजे १९६४, वाय म्हणजे विक्सम, ८६ म्हणजे कन्व्हर्टिबल आणि एन म्हणजे ४३० घन इंचांचे इंजिन. त्या पट्टीचे आणि पॅचखालच्या निळ्या रंगाचे छायाचित्र आताच काढून ठेवा. परीक्षकांसमोर तोच आपला कागदोपत्री पुरावा असेल.

बाहेरचा रंग एकदा बदललेलाच असल्यामुळे तो मूळ निळ्यावर नेण्यात मला काहीही गैर दिसत नाही. पांढरा रंग जपण्याला इतिहास म्हणून फारशी किंमत नाही. फोर्डच्या कारखान्यात त्या काळी भट्टीत भाजलेला इनॅमल वापरत, आणि त्याला संत्र्याच्या सालीसारखा किंचित खडबडीतपणा असे. रंगाऱ्याला हे आधीच सांगा, नाहीतर तो सवयीने पारदर्शक थर चढवून, घासून घासून गाडी काचेसारखी करील. बिजागऱ्या, दारांच्या आतल्या कडा आणि डिकीचा आतला भाग पांढरा राहिला तर रंगकामावरचे सगळे पैसे वाया जातात, म्हणून अंदाजपत्रक घेताना या जागांचा स्वतंत्र उल्लेख असू द्या.

जाळी बहुधा लोखंडी नाही. असे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. लोहचुंबक लावून पाहा, चिकटला नाही तर शंका उरणार नाही. फुटकुळ्या म्हणजे क्रोमखाली धातूच पोखरला गेला आहे. त्यावर नुसता नवा मुलामा चढवता येत नाही. जुना मुलामा काढून प्रत्येक खळगा कोरून स्वच्छ करावा लागतो, तांब्याचा थर देऊन घासावा लागतो, पुन्हा तांबे, मग निकेल आणि शेवटी क्रोम. एका लहान भागाला कधीकधी संपूर्ण बम्परइतके पैसे पडतात. म्हणून आधी हर्शीच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात चांगली जाळी मिळते का ते पाहा, पण १९६५ ची घेऊ नका, त्या वर्षी नाक बदलले. मडगार्डच्या माथ्यावरून शेवटपर्यंत गेलेल्या चमकत्या पट्ट्या मात्र स्टेनलेस स्टीलच्या असतात. त्या ठोकून सरळ करता येतात आणि पॉलिशने उजळतात. क्रोमवाल्याकडे त्या देऊ नका.

काकांच्या दुहेरी मास्टर सिलिंडरला माझी हरकत नाही. त्याचे गुण जातील, पण सिलिंडर एका संध्याकाळी परत बदलता येतो. पुढच्या डिस्कना मात्र मी नको म्हणेन. नीट जुळवलेले ड्रम ही गाडी व्यवस्थित थांबवतात, आणि एकदा चाकाचा मूळ हब गेला की मूळ अवस्थेच्या वर्गाचे दार जवळजवळ बंदच होते. आतील चामडे काढू नका. तडा गेलेल्या जागी मागून कापडाचा आधार देऊन तो चिकटवणारे कारागीर आहेत.

कालमझूजवळच्या हिकरी कॉर्नर्स येथे गिलमोर संग्रहालयाच्या आवारात २०१४ पासून लिंकनचे स्वतंत्र संग्रहालय आहे. नोव्हीहून ते एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. एखादी चांगली राखलेली गाडी दिसली तर तिच्या इंजिनच्या खोलीतील नळ्यांचे मार्ग, क्लॅम्पचे प्रकार आणि काळ्या रंगाची चमक यांची भरपूर छायाचित्रे काढून आणा.

रिले आणि फ्यूज (इलिनॉय)

टप चौकटीपासून सुटत नसेल तर आता पुढच्या कडेच्या कुलपाच्या मोटरकडे वळा. त्याआधी झाकणाची घडीची पट्टी पूर्ण सरळ होते का, हे नीट पाहा. ती शेवटपर्यंत पोचली नाही तर तिचा लिमिट स्विच दबत नाही आणि पुढच्या मोटरला वीजच मिळत नाही. बऱ्याचदा स्विच चांगला असतो, फक्त त्याची पट्टी वाकून जागेवरून हललेली असते. नवा स्विच मागवण्यापूर्वी तो बोटाने दाबून पाहा. मोटर फिरली तर केवळ जुळणी करायची आहे. मात्र दाबताना दुसरा माणूस बटणाशी उभा असू द्या आणि मोटरचा आवाज आला की त्याला लगेच हात काढायला सांगा.

लँकेस्टरची वारी (पेनसिल्व्हेनिया)

हर्शीला येणार असाल तर एवढेच सांगते. गाडी ट्रेलरवरून आणली तरी परीक्षणाच्या मैदानावर ती स्वतःच्या बळावर चालत यावी लागते, आणि परीक्षणाच्या वेळी चालू स्थितीतील अग्निशामक नळकांडे गाडीपाशी ठेवावे लागते. सगळे झळाळत असताना केवळ या नळकांड्यासाठी धावपळ करणारी मंडळी दरवर्षी दिसतात. परीक्षक गाडीला हात लावत नाहीत; दारे, बॉनेट, जे काही उघडून दाखवायचे ते आपल्यालाच उघडावे लागते. आपली डिकी उघडायची झाली तर ते म्हणजे अर्धी यंत्रणा हलवणे, त्यामुळे टप पूर्ण भरवशाचा होईपर्यंत नाव नोंदवू नका. राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली तेव्हा ते ज्या लिंकनमध्ये होते, त्या गाडीबद्दल प्रेक्षक विचारतीलच. ती १९६१ च्या कन्व्हर्टिबलवरून सिनसिनाटीच्या हेस अँड आयझेनहार्ट यांनी लांबवून बनवली होती आणि आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात, आपल्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे.